श्वानविष्ठेची विल्हेवाट, ग्रामीण

श्वानविष्ठेची विल्हेवाट, ग्रामीण : शेतवस्ती, मळा, गोठा, खळे व मेंढपाळांचे तळ या ठिकाणी पडणारी कुत्र्यांची विष्ठा गोळा करणे, तिच्यातील परोपजीवी (दुसऱ्या जिवाच्या शरीरात वा शरीरावर राहून त्याच्यावर जगणारे जीव) निकामी होतील अशा रीतीने तिची वासलात लावणे आणि मुळात ती परोपजीवींनी दूषित होणार नाही अशी तजवीज करणे, या तिन्ही गोष्टींचा या विषयात अंतर्भाव होतो. शहरांत हा प्रश्न मुख्यत्वे रस्त्यावरील घाणीचा मानला जातो. खेड्यात माणूस, कुत्रा, मेंढी व दुभते जनावर एकाच अंगणात वावरत असल्याने तो प्रामुख्याने रोगप्रसाराचा प्रश्न आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत (१९४९ पर्यंत हा बहुतेक मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे, दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले) या प्रश्नाची दोन अगदी भिन्न रूपे शेजारी शेजारी आढळतात. पश्चिमेस व मध्यभागी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील बागायती मळे व दुभती जनावरे आहेत, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत मेंढपाळीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

शेण व श्वानविष्ठा : मराठी मुलखातील शेतकरी शेणाला घाण मानत नाही. त्याने अंगण सारवतात, सडा टाकतात, गोवऱ्या थापतात व उरलेले उकिरड्यावर साठवून खत करतात. कुत्र्याची विष्ठा मात्र अमंगळ मानली जाते. परंतु व्यवहारात दोहोंचा शेवट एकच होतो. सकाळी अंगण झाडताना ती खराट्याने वा फावड्याने उचलून उकिरड्यावर टाकली जाते, तेथे ती शेणात, राखेत व पालापाचोळ्यात मिसळते आणि वैशाखात खताच्या गाडीबरोबर रानात पोहोचते. जी वस्तू हाताने शिवणे वर्ज्य, तीच अशा रीतीने मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते व तेथून घरात परत येते.

परिमाणाच्या दृष्टीने ही विष्ठा नगण्य आहे. मध्यम आकाराचा कुत्रा दिवसाला सु. १५० ते ३०० ग्रॅ. विष्ठा टाकतो. दोन कुत्री असलेल्या वस्तीवर वर्षाकाठी ती सु. दीडशे किग्रॅ. भरते. याउलट एका गायीचे शेणच वर्षाला तीन टनांहून अधिक होते. त्यामुळे खत म्हणून तिचा लाभ विचारात घेण्याजोगा नाही. कुत्र्याची विष्ठा मांसाहारामुळे तीव्र असते व पिकांना बाधते, असे पाश्चात्त्य लेखनात वारंवार सांगितले जाते. भाकरी-ताकावर वाढलेल्या खेड्यातील कुत्र्याला हे म्हणणे फारसे लागू पडत नाही. तिच्यातील खरा धोका रासायनिक नसून तीमधून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या अंड्यांचा आहे, आणि कुत्रा काय खातो यापेक्षा कच्चे काय खातो यावर तो अवलंबून असतो.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची धास्ती सर्वत्र आहे व ती योग्यही आहे. परंतु तो रोग लाळेतून पसरतो, विष्ठेशी त्याचा संबंध नाही. विष्ठेतून पसरणारे रोग संथ असतात, त्यांची लक्षणे महिन्यांनी वा वर्षांनी दिसतात आणि त्यामुळे त्यांचा कुत्र्याशी असलेला संबंध घरच्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही.

जलपुटी रोग : या रोगांत मेंढपाळीच्या प्रदेशात सर्वांत महत्त्वाचा रोग एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीमुळे होतो. हायडॅटिड रोग या नावाने तो डॉक्टरांना परिचित आहे. प्रौढ कृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची लांबी अवघी ३ ते ६ मिमी. असून शरीराचे बहुधा तीन-चारच खंड असतात. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात, तरीही कुत्रा धडधाकट दिसतो. शेवटचा खंड पक्व झाला की त्यातील अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. अंड्याचा व्यास ०·०३ ते ०·०४ मिमी. असल्याने ती डोळ्यांना दिसत नाहीत. गवत, पाणी वा माती यांबरोबर ही अंडी मेंढी, शेळी, गाय किंवा म्हैस यांच्या पोटात गेली की त्यांतील भ्रूण आतड्याची भित्ती भेदून रक्तावाटे यकृतात व फुप्फुसात पोहोचतो. तेथे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पुटी (पिशवीसारखी गाठ) तयार होते व तिच्या आतील आवरणावर भावी पट्टकृमींची असंख्य सूक्ष्म शीर्षे वाढतात. अशी पुटी कुत्र्याने कच्ची खाल्ली म्हणजे सु. सहा ते सात आठवड्यांत तिच्यातून पुन्हा प्रौढ कृमी तयार होतात व चक्र पूर्ण होते. पुटीतील द्रव्य कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ झीबोल्ट यांनी १८५० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याच्या अंगाला, तोंडाला व मागील भागाच्या केसांना अंडी चिकटलेली असतात. कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसणारी मुले, न धुता खाल्लेला मुळा किंवा कोथिंबीर, दूषित पाणी यांमार्फत ती पोटात जातात. माणसाच्या यकृतातील पुटी कित्येक वर्षे हळूहळू वाढत राहते. ती लिंबाएवढी असताना काहीच जाणवत नाही. नारळाएवढी झाली म्हणजे उजव्या कुशीत जडपणा येतो. पुटी अकस्मात फुटली तर तिच्यातील द्रवामुळे प्राणघातक अधिहर्षता (तीव्र ॲलर्जी) उद्‌भवू शकते व पोटात इतरत्र नव्या पुटी रुजतात. निदान ध्वनितरंगांच्या साहाय्याने घेतलेल्या चित्रणाने (सोनोग्राफीने) होते. उपचारासाठी आल्बेंडाझोल हे औषध, सुईने द्रव काढून घेण्याची पद्धत अथवा शस्त्रक्रिया यांचा अवलंब करतात.

या रोगाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. मटण खाल्ल्याने तो होतो, असे पुष्कळ लोक मानतात. वस्तुतः पुटी असलेले काळीज माणसाने खाल्ले तरी त्याला हा रोग होत नाही. ते कुत्र्याने खाल्ल्यावर त्याच्या विष्ठेतून जी अंडी बाहेर पडतात, त्यांच्यापासून तो होतो. माळकरी शाकाहारी कुटुंबातील मुलालाही तो होऊ शकतो. याच कारणाने ‘पाण्याचे फोड’ असलेले काळीज माणसांना नको म्हणून कापून दारातल्या कुत्र्याला टाकण्याची रीत अतिशय घातक ठरते. स्वतःपुरती घेतलेली ही काळजीच रोगाला पुढची वाट मोकळी करून देते.

इतर परोपजीवी : टॉक्सोकॅरा कॅनिस हा गोलकृमी पिल्लांत सर्रास आढळतो, कारण तो कुत्रीच्या पोटातच पिल्लांना लागतो व पुढे दुधातूनही जातो. याची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा निरुपद्रवी असतात. मातीत दोन-तीन आठवडे वा अधिक काळ राहिल्यावर ती संसर्गक्षम होतात व पुढे ओलसर सावलीच्या जागी काही वर्षे टिकून राहतात. विष्ठा रोजच्या रोज उचलण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. ती आठवडाभराने झाडून काढली तर अंडी मातीतच राहून जातात. माणसाच्या, विशेषतः माती खाणाऱ्या मुलांच्या, शरीरात त्याचे डिंभ (अंड्यातून बाहेर पडलेली अवस्था) यकृत, फुप्फुसे व क्वचित डोळा यांत भरकटतात. डोळ्यातील इजेमुळे दृष्टी जाण्याचा संभव असतो. कुत्र्यांच्या अंकुशकृमींचे डिंभ उबदार ओल्या मातीत सु. एका आठवड्यात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजरे वळ उठवितात. टीनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीची पुटी मेंढीच्या मेंदूत वाढते. अशी मेंढी कळप सोडून एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते व शेवटी दगावते.

दुभत्या जनावरांच्या दृष्टीने निओस्पोरा कॅनायनम हा एकपेशीय परोपजीवी महत्त्वाचा आहे. याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन १९८८ मध्ये करण्यात आले व कुत्रा हा त्याचा अंतिम आश्रयी असल्याचे १९९८ मध्ये सिद्ध झाले. कुत्र्याच्या विष्ठेने दूषित झालेली वैरण गाभण गायीने खाल्ली तर गर्भपात होऊ शकतो. आणि गाभटलेले वासरू किंवा पडलेली वार कुत्र्याने ओढून नेली म्हणजे संसर्ग पुन्हा त्याच्याकडे जातो. कडब्याच्या गंजीच्या पोटात कुत्री विते, पिल्ले गव्हाणीत लोळतात, हे दृश्य मळ्यावर नवे नाही. गंजीच्या बुडाशी काट्यांचा आडोसा करणे व वार लगेच खोल पुरणे हे साधे उपाय येथे पुरेसे होतात.

भूप्रदेशाचा परिणाम : अंडी बाहेर किती काळ जगतात हे ऊन व ओल यांवर ठरते. थंड व दमट जागी एकायनोकॉकसची अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. कोरड्या उष्णतेत ती लवकर मरतात. माणदेशात पावसाचे वार्षिक मान ५०० मिमी.च्या आसपास वा त्याहून कमी आहे व उन्हाळ्यात उघडी जमीन चांगलीच तापते. तेथील उघड्या माळावर पडलेल्या विष्ठेचे निर्जंतुकीकरण बव्हंशी सूर्यच करतो. धोका राहतो तो पालाच्या सावलीत, पाण्याच्या भांड्याजवळ, कुत्र्याच्या अंगावर व पावसाळ्यात. याउलट वाळवा, कराड, पलूस या भागांतील उसाच्या सरीत बारमाही ओल व गर्द सावली असते. तासगावच्या द्राक्षबागांत ठिबकाखालची माती सतत ओली असते. वाई, पाचगणी व महाबळेश्वर येथील स्ट्रॉबेरीचे फळ जमिनीलगत लागते व न शिजवता खाल्ले जाते. अशा रानांत कुत्र्यांचा वावर रोखणे अधिक निकडीचे होय. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत पोहोचल्यापासून मेंढपाळीचा मुलूख व ओली माती यांची गाठ पडली आहे. पूर्वी उन्हाने आपोआप होणारे काम तेथे आता माणसालाच करावे लागते.

विल्हेवाटीच्या पद्धती : सर्वांत सोयीची जागा म्हणजे घरचे दोन खड्ड्यांचे शौचालय. राज्यात २०००–०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे (तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे सांगली जिल्ह्यातीलच होते) व त्यानंतरच्या मोहिमांमुळे अशी शौचालये खेडोपाडी झाली. या मोहिमांचा भर उघड्यावरील मानवी शौच, सांडपाणी व उकिरडे यांवर राहिला. श्वानविष्ठेची अडचणही त्याच खड्ड्यात सुटू शकते. भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षे तसाच ठेवल्यास त्यातील बहुतेक अंडी मरतात. मात्र विष्ठेबरोबर माती व खडे खड्ड्यात टाकू नयेत, कारण त्यांनी खड्ड्याची पाणी शोषून घेण्याची क्षमता कमी होते. मानवी विष्ठेचा बंदोबस्त झाल्याने आणखी एक अप्रत्यक्ष लाभ होतो : कुत्री उघड्यावरील मानवी विष्ठा खातात व तीमधील माणसाच्या जंतांची अंडी त्यांच्या आतड्यातून न पचता बाहेर पडून दूरवर पसरतात; तो मार्गही बंद होतो.

शौचालय नसेल तेथे विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर, सु. एक मीटर खोल खड्डा घेऊन त्यात रोजची विष्ठा टाकावी व प्रत्येक वेळी वर मातीचा थर द्यावा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसाळ्यात पाणी तुंबते, म्हणून खड्ड्यासाठी मुरमाड जागा निवडणे चांगले. चुना टाकल्याने दुर्गंधी व माश्या कमी होतात. अंडी मरतात हा समज चुकीचा आहे. फिनेल व तत्सम जंतुनाशकांचाही त्यांच्यावर भरवशाचा परिणाम होत नाही. उकळते पाणी मात्र त्यांना तत्काळ मारते, त्यामुळे फावडे, पाटी व कुत्र्याची थाळी यांसाठी तेच वापरावे. सुकलेली विष्ठा पाचटाबरोबर जाळण्यानेही काम होते, पण वाऱ्यावर धूळ उडणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

श्वानविष्ठेचे खत करण्याची कल्पना आकर्षक वाटली तरी ती येथे जपून स्वीकारावी लागते. गांडूळखताच्या वाफ्यात उष्णता वाढत नाही व गोबरगॅसच्या टाकीचे तापमान साधारणपणे ३०° ते ३८° से. राहते, दोन्हींत गोलकृमींची अंडी जिवंत राहू शकतात. अंडी मरण्यासाठी सबंध ढीग ६०° से.च्या आसपास काही दिवस तापावा लागतो व बाहेरचा भाग आत येईल असा तो वरचेवर खालीवर करावा लागतो. अलास्कातील फेअरबँक्स येथे बर्फावरील घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत लाकडाचा भुसा मिसळून असे खत करण्याचे प्रयोग १९९१ मध्ये हाती घेण्यात आले व ढिगांत आवश्यक ते तापमान साधलेही. तरी माणसांच्या खाण्याच्या पिकांना हे खत घालू नये, अशीच शिफारस तेथे करण्यात आली. येथील उकिरडा पसरट असतो व तो क्वचितच खालीवर करतात, त्यामुळे त्यात एवढी उष्णता सर्वत्र पोहोचत नाही. शेणाच्या उकिरड्यापासून ही विष्ठा वेगळी ठेवणे हाच व्यवहार्य नियम होय.

आतडी-काळजाचा बंदोबस्त : विष्ठा उचलणे कितीही आवश्यक असले तरी रानोमाळ हिंडणाऱ्या कुत्र्याची सर्व विष्ठा उचलणे अशक्य आहे. म्हणून जलपुटी रोगाच्या बाबतीत खरा उपाय विष्ठेच्या आधीच्या टप्प्यावर करावा लागतो. आखाडातील व गावजत्रेतील बोकड-मेंढ्या, तसेच खाटकाच्या ओट्यामागे पडणारा टाकाऊ भाग यांभोवती गावची कुत्री जमतात. कळपात मेलेली म्हातारी मेंढी बहुधा तेथेच टाकून तळ हलविला जातो. मेंढीचे वय वाढेल तशा तिच्या अंगातील पुटी वाढत असल्याने असे मढे सर्वांत धोक्याचे असते. फोड असलेले काळीज व फुप्फुस जाळावे अथवा खोल पुरून वर दगड व बाभळीचे फास घालावे. कुत्र्याला द्यायचेच असेल तर निदान अर्धा तास उकळून द्यावे.

आइसलँडचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील मेंढपाळ समाजात हा रोग अतिशय बळावला होता. डॅनिश संशोधक हारल्ड क्राबे यांनी तेथे जाऊन अभ्यास केला व १८६४ मध्ये त्यांची पुस्तिका घरोघर वाटण्यात आली. कुत्र्यांसंबंधीचा पहिला कायदा १८६९ मध्ये झाला. लांब हिवाळ्यात वाचन हाच विरंगुळा असलेल्या साक्षर समाजाला ती पुस्तिका पटली. पुढे मेंढ्या घरोघर कापण्याऐवजी कत्तलखान्यात कापल्या जाऊ लागल्या आणि विसाव्या शतकात रोग जवळजवळ नाहीसा झाला. न्यूझीलंडमध्ये १९५९ च्या कायद्यानंतर कुत्र्यांना ठराविक मुदतीने औषध पाजण्याची मोहीम चालली व २००२ मध्ये तो देश या रोगापासून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्या मोहिमेत आरंभी वापरलेले ॲरेकोलीन हे द्रव्य सुपारीतील आहे. ते पाजल्यावर कुत्र्याला जुलाब होऊन कृमी बाहेर पडत व मालकाला ते प्रत्यक्ष दाखविता येत. आपल्या निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या पोटात काय आहे हे डोळ्यांनी पाहिल्याचा परिणाम भाषणांहून अधिक झाला.

मेंढपाळांचे तळ : सातारा-सांगलीच्या पूर्व भागातील धनगर दख्खनी व माडग्याळ (जत तालुक्यातील माडग्याळ या गावावरून हे नाव पडले) जातींच्या मेंढ्या पाळतात. दिवाळीच्या सुमारास कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाटेत शेतकरी मेंढ्या आपल्या रानात बसवितात व लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे देतात. रात्री कळपाभोवती राखण कुत्र्यांची असते. लांडग्यांच्या या मुलखात कुत्र्यावाचून कळप राखणे शक्य नाही, त्यामुळे कुत्री कमी करण्याचा सल्ला येथे निरर्थक ठरतो. परंतु ज्या रानात कळप बसतो तेथेच कुत्र्यांची विष्ठाही पडते व लेंड्यांबरोबर नांगरली जाते. कुत्री तळाच्या एका बाजूला बांधणे, सकाळी तळ हलविण्यापूर्वी त्यांची विष्ठा फावड्याने एका खळग्यात पुरणे आणि पाल व पाण्याची भांडी त्या बाजूपासून दूर ठेवणे एवढे तरी होऊ शकते. ज्या रानात मेंढ्या बसल्या, तेथे लगेच कच्च्या खाण्याच्या भाज्या घेऊ नयेत.

कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींवरील प्रभावी औषध दर किग्रॅ. वजनास ५ मिग्रॅ. या प्रमाणात देतात. कृमी प्रौढ होऊन अंडी टाकू लागण्यास सहा-सात आठवडे लागत असल्याने दर सहा आठवड्यांनी मात्रा देणे उत्तम. ते न जमल्यास वर्षातून चार वेळा तरी द्यावी. गोलकृमींसाठी वेगळे औषध लागते. ते पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून द्यावयास सुरुवात करतात. प्राझिक्वांटेल कृमी मारते, अंडी मारीत नाही. म्हणून मात्रा दिल्यानंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवून त्याची सर्व विष्ठा जाळणे वा पुरणे आवश्यक असते. मेंढ्यांसाठी या रोगावरील लसही तयार झाली असून काही देशांत ती वापरतात. या भागात दहिवडी व रांजणी येथे शासकीय महामंडळाची मेंढी प्रक्षेत्रे, फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था व शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कळप बाहेर पडण्यापूर्वी व परतल्यावर मेंढ्यांना जंतांचे औषध पाजतात, त्याच दिवशी तळावरील कुत्र्यांनाही मात्रा देणे सर्वांत सोपे पडते. गोळी गूळ लावलेल्या भाकरीच्या तुकड्यात दडवून दिली म्हणजे कुत्रा ती सहसा नाकारीत नाही.